सगळे हैबती

फार पूर्वी, बोकड स्वतःचा इतिहास सांगत असत त्या काळी, एका डोंगरावरच्या कळपात हैबती नावाचा बोकड होऊन गेला. त्याने एका धडकेत बिबट्याला दरीत ढकललं. तेव्हापासून बारशाला प्रत्येक बोकडाच्या कानात आत्या ‘कुर्रर्र, हैबती’ असंच म्हणू लागली.

पुढे एका हैबतीने पाटलाचं धोतर खाल्लं, एक हैबती कड्यावर सलग तीन दिवस झोपला. तेही थोर ठरले. धडकेचा सराव मात्र सुटला. एवढं नाव असताना सराव कशाला करायचा?

एका दुपारी बिबट्या आला. म्हातारी गोदीआत्या ओरडली, "हैबती, पुढे हो."

"जा, तुला बोलावतेय," प्रत्येक बोकड शेजारच्याला म्हणाला.

शेवटी एकाने धीर करून बिबट्यालाच विचारलं, "आपलं नाव?"

"हैबती," बिबट्या म्हणाला. "आमच्या पणजोबांना ज्याने दरीत ढकललं, त्याचं ठेवलंय."

बोकडांना भरून आलं. त्यांनी त्याला मधोमध बसवून बाभळीच्या शेंगा पुढे केल्या. बिबट्याने शेंगा बाजूला सारल्या आणि शेजारी बसलेल्या हैबतीला मानेला धरून तो निघून गेला.

आठवड्याने कळपात नवा बोकड जन्मला. बारशाला गोदीआत्या त्याच्या कानाशी वाकली, ‘कुर्रर्र’ म्हणाली आणि थांबली.

"अगं, नाव सांग की," बोकड म्हणाले.

"आधी शिंगं फुटू देत," आत्या म्हणाली. "मग त्यालाच विचारू."