सागाचा कडू गाभा

फार मागे, डोंगरउतारावर एक साग होता. किती मागे ते विचारू नका, मी काही तेव्हा नव्हतो. त्याच्या खोडातलं बाहेरचं पांढरं लाकूड मुळांचं पाणी शेंड्यापर्यंत चढवायचं आणि झाडातली कडू घाण आत गाभ्याकडे ढकलायचं. गाभा काळपट, म्हातारा. त्याच्या नळ्या कधीच बुजलेल्या.

"आबा, थेंबभर पाणी वाहत नाही तुम्ही," पांढरं लाकूड रोज टोचायचं. "नुसती घाण घेऊन बसलाय. त्यापेक्षा खोड पोकळ असलेलं बरं."

"घाण तुमचीच आहे," गाभा म्हणायचा. "ठेवायची कुठे?"

एका वादळात फांदी मोडली आणि जखमेतून वाळवी शिरली. पांढरं लाकूड तिला गोड लागलं, तिनं हातभर पोखरलंसुद्धा. मधला भाग गेला असता, तर पुढच्या वाऱ्यात साग आडवाच झाला असता. पण गाभ्याला दात लावताच वाळवीचं तोंड वाकडं झालं. ती आल्या वाटेनं निघून गेली. सगळ्यांची घाण पोटात घेऊन असं ताठ उभं राहायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही.

पांढऱ्या लाकडाचा सगळ्यात आतला थर गाभ्याला चिकटून होता. त्या वर्षी त्याच्या नळ्या बुजायला आल्या, म्हणजे आता त्याचाही गाभाच होणार होता. एरवी अशा वेळी रडारड व्हायची. हा थर मात्र एवढंच म्हणाला, "आबा, जरा सरका. मी येतोय."

"सरकायला जागा नाही," गाभा म्हणाला. "चिकटून बस."