दगडीपाल्यावरची सावली

"मग तुम्ही त्यात मिसळता तरी काय?"

हेमांगीने तिसऱ्यांदा विचारलं. कोंडाजीबाबा मठीच्या ओट्यावर डोळे मिटून बसले होते. खाली दरीत धुकं अजून झोपलेलं होतं, वर कातळावर मात्र ऊन चरचरत होतं.

"काय बी न्हाई."

कोयता लागला, विळा लागला, की वाड्यावस्त्यांवरची माणसं बाबांकडे दगडीपाला घ्यायला येत. हेमांगी शहरातल्या प्रयोगशाळेत पाच वर्षं त्याच पाल्याचा अभ्यास करत होती. गेल्या साली बाबांनी तिला फडक्यात बांधून वाळका पाला दिला होता. त्याचा अर्क तिने जंतूंच्या बशीत ठेवला, तर जंतू हटले आणि चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं पडलं.

मग तिने स्वतः पाला तोडला, घराच्या गच्चीवर कडक उन्हात वाळवला. चार वेळा. खळं काही पडलं नाही, आणि महिन्याभरात प्रबंध द्यायचा होता.

"तुमच्या हातगुणावर प्रबंध लिहू का मी?" ती चिडून म्हणाली.

"काय असतं गं त्या पाल्यात?"

"जंतू मारणारी द्रव्यं. शिवाय अँटिऑक्सिडंट. म्हणजे शरीराला आतून गंज चढू न देणारी."

"आरं तिच्या... माझ्याकडं व्हता तवा नुसता पाला व्हता." बाबा गालात हसले. "जा, तोड."

ओट्याखालीच दगडीपाला पसरला होता, इवली पिवळी फुलं घेऊन. हेमांगी वाकली.

"जरा सरक."

"का?"

"तुजी सावली पडती त्याच्यावर. तोडताना पडू द्याची न्हाई."

तिला हसू आलं. एवढी शिकलेली बाई, पण प्रबंधासाठी सरकली. उन्हाकडे तोंड करून तिने ओंजळभर पाला खुडला आणि गच्चीवर पसरायची तसाच तापल्या कातळावर पसरला. दोन तासांत कुरकुरीत झाला असता. तिला घाई होती.

बाबांनी पसरलेला पाला पाहिला.

काठी टेकत उठले, अनवाणीच कातळावर आले आणि उन्हाकडे पाठ करून उभे राहिले. त्यांची सावली पाल्यावर पडली.

ऊन सरकलं. बाबाही सरकले.

खालचं धुकं विरत गेलं. किती वेळ गेला, हेमांगीला कळलं नाही. झोपेत असल्यासारखी ती ती सावली बघत राहिली. मग बाबांनी सगळा भार काठीवर टाकलेला तिला दिसला.

"बाबा, बसा ना सावलीत."

"मी बसल्यावं त्यो पाला कुठं बसंल?"

तिला गच्ची आठवली. चारही वेळची. तिला फार लाज वाटली.

ती उठली, बाबांना धरून ओट्यावर बसवलं आणि त्यांच्या जागी जाऊन उभी राहिली. आता तिची सावली पाल्यावर होती. पाठ भाजत होती.

"बाबा," बऱ्याच वेळाने तिने मागे न बघता विचारलं, "मघाशी हीच सावली नको होती ना?"

बाबांनी डोळे मिटले होते.

"तवा त्याला ऊन पायजे व्हतं, बाई... आता तू पायजेस."