बरी झाल्याची दवंडी

पाव्हणं, वाकून आत बघा खुशाल, पण दार शोधू नका. या दगडी खोपीला दार लावायचं नाही, अशी आमच्या वाडीची रीत आहे. का, ते सांगतो. तेवढं मधे बोलू नका, माझी तंद्री मोडते.

फार जुनी गोष्ट. हौसा नावाची कुंभाराची सून होती. बाळंत झाली, मुलगी झाली, आणि हिची झोपच उडाली म्हणे. एकटीच बडबडायची. एकदा तान्हीला घेऊन विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिली. घरचे घाबरले. घाबरणारच की! पण पाटलानं काय करावं? वैद्याला बोलवायचं सोडून दवंडी पिटवली. दवंडीवाला सटवा आळीआळीतून ओरडत गेला, "हौसा येडी झालीया हो! दारं लावा, पोरं आवरा!" तान्ही सासूकडं राहिली. हौसाला या खोपीत घातलं आणि बाहेरून कडी लावली.

पावसाळा सरेपर्यंत ती बरी झाली, असं सांगतात. झोपायला लागली, नीट जेवायला लागली, लेकीची चौकशी करायला लागली. पण ऐकतो कोण? रडली की म्हणायचे, झटका आला. हसली की म्हणायचे, बघा, मी म्हटलं नव्हतं? गप्प बसली तर मनात काहीतरी शिजतंय म्हणायचे. बिचारीनं करावं तरी काय?

भाकरी घेऊन सटवाच यायचा. त्याला ती म्हणाली, "दादा, तूच दवंडी दिलीस, आता तूच फिरून दे. हौसा बरी झाली म्हण. माझी लेक मला मिळू दे."

सटवा पाटलाकडं गेला. पाटील म्हणाला, "येडी झाल्याची दवंडी असती. बरी झाल्याची कुणी दिलीया का आजवर?"

सटवानं त्याला न जुमानता दिली. लोक खो खो हसले. सटवालाबी लागण झाली म्हणाले, आणि त्यालाही दारं बंद झाली.

लेक मोठी झाली. पोरांबरोबर इथं माळावर खेळायला यायची. एके दिवशी तिनंही खोपीवर धोंडा भिरकावला आणि ओरडली, "येडी! येडी!" आत आपली आई आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं हो! सांगताना माझा जीव तुटतो. त्या दिवशी हौसानं आतून कडी घातली म्हणे. पुढं लोकांनी बाहेरची कडी काढली, हाका मारल्या, तरी ती आली नाही. शेवटी दार फोडून तिला बाहेर आणली, ती तिरडीवर ठेवायलाच. लेकीला तेव्हा कळलं. तिनं ते दार जाळलं आणि ही रीत घातली.

आजही हौसाच्या तिथीला दवंडी होते, "हौसा बरी हाय हो!" घरोघर दारं सताड उघडी ठेवतात, सगळी वाडी इथं जमते, बायका खोपीची ओटी भरतात. मग माघारी जाताना एखादं पोर हट्ट करायला लागतं. त्याची आई म्हणते, "गप बस, न्हाईतर येडीच्या खोपीत कोंडीन."

पोर लगेच गप्प बसतं.