माशाच्या पोटातला हात

पाणसरे गावाला खाडीच्या काठावर रोमच्या व्यापाऱ्याचं घर आहे. घर म्हणजे भिंती गुडघ्याएवढ्याच उरल्यात आणि वर आता पत्र्याची शेड घातलीय, पण आतली जमीन जुनीच आहे. नखाएवढे रंगीत खडे चुन्यात एकाला एक चिकटवून तिच्यावर मोठा मासा काढलाय. पाठ काळ्या दगडाची, पर जांभ्याचे लाल, पोट शिंपल्यांचं पांढरं. त्या पोटात एका जागी खडे नाहीत. नुसता चुना आहे, आणि चुन्यात लहान मुलाचा पंजा उमटलाय. पाचही बोटं दिसतात.

आमच्या बचत गटाची सहल माघात तिथं गेली होती. माझी दुर्वा अडीच वर्षांची. तिला बरोबर नेऊ की नको, बस लागेल का, ऊन लागेल का, यात माझी आदली रात्र गेली होती. तिथं पोचून मी पाण्याची बाटली शोधते न शोधते तोच ती माशाभोवती लावलेल्या दोरीखालून आत गेली आणि माशाच्या शेपटीवर बसून तिने शू केली.

राखणदार बाई ओरडली, "कुणाचं पोर गं हे?"

सगळ्या बायका बघायला लागल्या. मी मान खाली घालून पिशवीत बाटली शोधत राहिले. बाटली हाताला लागली होती, तरी शोधत राहिले. दोरीला लागून आमच्या गटातली रंजना उभी होती, कडेवर तिचं तान्हं. राखणदार बाई तिलाच बोलली, "पोरं सांभाळता येत नाहीत तर आणता कशाला?" रंजनाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिने बाळाचं दुपटं काढलं आणि जमीन पुसली. दुर्वा तिचा पदर धरून उभी राहिली.

तिथं तांडेल आबा लोकांना घर दाखवतात. ऐंशीच्या पुढचे आहेत, काठी घेऊन फिरतात. त्यांनी हे पाहिलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही. ते आम्हा सगळ्यांना पंजाजवळ घेऊन गेले आणि त्यांनी सांगितलं ते असं.

फार वर्षांपूर्वी या खाडीत परदेशी गलबतं येत. त्यातला रोमचा एक व्यापारी इथंच राहिला. आपल्या मुलखासारखी जमीन हवी म्हणून त्याने कारागीर आणले, आणि खडे फोडायला, बसवायला गावच्या बायका लावल्या. त्यात गोजरी होती आणि मैनी होती. दोघी एकमेकींच्या शेजारी बसून काम करत. दोघींची पोरं एकाच वयाची, करंजाखाली बांधलेली असत.

एके दुपारी गोजरीच्या पोराची गाठ सुटली. ते रांगत आलं आणि माशाच्या पोटातल्या ओल्या चुन्यावर त्याने हात दाबला. गोजरीने पाहिलं. पटकन त्याला उचलून, हात पुसून तिने परत झाडाखाली नेलं. मुकादम आला तेव्हा पंजा सुकत आला होता.

"कुणाच्या पोराचं काम हे?" त्याने विचारलं.

काम जाईल म्हणून गोजरी गप्प बसली. पंजाला लागून मैनी बसली होती, म्हणून मुकादमाने तिचं पोर आणून त्याचा हात पंजात ठेवून पाहिला. बसला. त्या वयाच्या कुठल्याही पोराचा बसला असता. मैनी म्हणाली, "माझ्याचा नव्हे ओ." कुणी ऐकलं नाही. तिने गोजरीकडे पाहिलं. गोजरी खडे निवडत होती. मैनीचं काम गेलं, आणि त्याच संध्याकाळी ती पोराला घेऊन होडीत बसली आणि खाडीपलीकडे गेली.

दुसऱ्या दिवसापासून त्या पंजात खडे टिकेनात, असं सांगतात. संध्याकाळी बसवावेत, सकाळी बाजूला पडलेले. चुन्यात गूळ घातला, हिरडा घातला, तरी नाही. आणि दुसरं म्हणजे गोजरीचं पोर तिला ओळखेना. कुणाही बाईच्या मांडीवर जाई, पण आईने हाक मारली की मान वळवत नसे. जणू ती दुसऱ्याच कुणाला बोलावतेय. कान दाखवले, दृष्ट काढली. पोर धडधाकट होतं, म्हणे. फक्त आईला ओ देत नव्हतं.

घरभरणीच्या दिवशी सगळं गाव जमलं. पाहुणे जेवायला बसणार तोच गोजरी पोराला घेऊन माशावर जाऊन बसली. त्याचा हात पंजात ठेवून ती मोठ्याने म्हणाली, "हा माझा आहे. तेव्हा मी बोलले नाही."

पोराने तोंड वर करून तिच्याकडे पाहिलं.

व्यापाऱ्याने ती जागा तशीच ठेवायला सांगितली. गोजरी मैनीला शोधायला पलीकडे गेली. पाच गावं फिरली. मैनी सापडली नाही. मग रोज खाडीवर उभी राहून ती तेच ओरडायची, म्हातारी होईपर्यंत.

आबांची गोष्ट संपली. मी दुर्वाला हाक मारली. ती रंजनाच्या हातातलं बिस्कीट खात होती. तिने बघितलं नाही. बिस्किटामुळेच असेल.

पूर्वी आया त्या पंजातच पोराचा हात ठेवून 'माझं आहे' म्हणायच्या. आता दोरी लावलीय, म्हणून दाराशी ओल्या वाळूचं घमेलं असतं. मी रंजनाजवळ गेले, दुर्वाला उचललं आणि तिचा हात वाळूत दाबला. "माझी आहे," मी म्हटलं. ते माझं मलाच ऐकू आलं.

"जोरात गो बाय," आबा म्हणाले. "मैनी पलीकडे आहे. तिला ऐकू जायला हवं."

मी राखणदार बाईकडे वळले. "मघाशी ती माझी पोरगी होती. हिची नव्हती." मग खाडीकडे तोंड करून ओरडले. दुर्वा दचकली, माझ्याकडे बघून हसली, आणि स्वतःच ओरडली, "माजी आए!" बायका हसल्या. रंजनाही हसली, पण परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही.

आजही माशाच्या पोटातली ती जागा रिकामी आहे. आजही पोरांना घेऊन आलेल्या आया वाळूत हात दाबून खाडीकडे ओरडतात. पलीकडून अजून कुणी ओ दिलेली नाही.