धवलरावांची सवारी

त्या राज्यात शाळा दलदलीच्या पलीकडे होती आणि पिल्लांची घरं अलीकडे. मधला गाळ इतका खोल, की हत्ती आणि म्हशी सोडल्या तर कुणाचे पाय तळाला टेकत नसत. म्हणून राज्याने पूर्वीपासून एक हत्तीण नेमलेली होती. पिल्लांना नेणं आणि आणणं, एवढंच तिचं काम. एखादं पिल्लू उशिरा उठलं, तर ती त्याच्या दाराशी कान हलवत उभी राही.

मग खर्चाचा कारभार धवलराव नावाच्या बगळ्याकडे आला. हत्तीण खाते किती, हे पाहून त्यांचे डोळे पांढरे झाले. म्हशींचा कळप रोज त्याच वाटेने पलीकडे चरायला जातो आणि त्यांच्या पाठी रिकाम्याच असतात, असं सांगून त्यांनी हत्तिणीला नव्या दरबाराचे ओंडके ओढायला धाडलं. दरबाराने त्यांची पाठ थोपटली.

आया गाऱ्हाणं घेऊन गेल्या. पुढे शेळी होती. तिचं एकुलतं करडू, लाडी, नुकतंच शाळेत जाऊ लागलं होतं.

"सायेब, ऊन तापलं की म्हस मधीच गाळात बसती," शेळी म्हणाली. "पाठीवरच्या पोरांनी काय करायचं?"

धवलराव एका पायावर उभे राहून ऐकत होते. "बाई, मी स्वतः रोज म्हशीवरूनच ये-जा करतो. मला आजवर काही झालेलं नाही."

हे मात्र खरं होतं. म्हैस बसू लागली की ते उडत, आणि इतक्या वर्षांत आपण उडतो हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

चैत्रातल्या एका दुपारी शाळा सुटली आणि परतीच्या वाटेवर म्हैस गाळात बसली. तिचा यात दोष नव्हता. तिला उकडत होतं. वानराचं पोर शिंगाला लटकून राहिलं. करडाच्या खुरांना काही धरता येत नाही. लाडी घसरली आणि गाळाने तिला परत दिलं नाही.

धवलराव सांत्वनाला आले, तेही म्हशीवर बसूनच. म्हशींना सावकाश बसण्याची सूचना दिली आहे, असं त्यांनी सांगितलं. शेळी रडली नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण तिला ठाऊक होती. आता ती तिला पुरेनाशी झाली.

दरबाऱ्यांच्या अंगावरच्या पिसवा वेचण्याचं काम वानरिणीकडे असे. शिंगाला लटकून वाचलेलं पोर तिचंच. ती आणि शेळी त्या संध्याकाळी बराच वेळ बोलत बसल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर धवलराव डोळे मिटून ध्यानाला उभे राहिले, तेव्हा वानरिणीने त्यांच्या पंखांत बोटं घातली. उडण्याची मोठी पिसं तिने एकेक करून दातांनी मुळाशी कुरतडली आणि वरची पांढरी पिसं नीट बसवून ठेवली. धवलरावांना दुखलं नाही. उलट डुलकी लागली. त्यांची कीव येणाऱ्याने इथेच थांबावं. सांगणाऱ्याला ती आलेली नाही.

जाग आल्यावर ते सावलीत बसलेल्या म्हशीच्या पाठीवर टुणकन चढले आणि म्हैस निघाली. ऊन चांगलंच तापलं होतं. काठावरच्या लव्हाळ्यांत साऱ्या आया येऊन उभ्या होत्या. पिल्लांना त्यांनी घरी ठेवलं होतं.

मध्यावर म्हैस थबकली आणि तिने पुढचे गुडघे टेकले. धवलरावांनी सवयीने पंख पसरले.