गच्चीवरचा पारदर्शक थर

“आणि त्याच्यावरचा हा पातळ थर? तो कशाचा?” दस्तगीरचाचांनी विचारलं.

निरंजन केंगनाळकर सकाळपासून याच प्रश्नाची वाट बघत होता.

बार्शीतल्या एका चार मजली इमारतीची गच्ची. वेळ टळटळीत दुपारची. दस्तगीरचाचा म्हणजे गळक्या गच्च्यांचे वैद्य. पन्नास वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. निरंजन शिकलेला इंजिनियर, आठ महिन्यांपासून त्यांचा शागीर्द. चाचा ज्या दिवशी ‘हा तयार झाला’ म्हणतील, त्या दिवसापासून त्याला एकट्याने गच्च्या तपासायला मिळणार होत्या. निरंजनच्या मते तो दिवस केव्हाच येऊन गेला होता. चाचांच्या ध्यानात आला नव्हता, एवढंच.

“सांगतो.” त्याने गुडघे झटकले. “खालचा पांढरा थर ॲक्रिलिकचा. थिनरचा बोळा फिरवला की बोळ्याला लागतो. सहा-सात वर्षांचा असेल, पण चांगला धरून आहे.”

“बरं.”

“त्याच्यावर हा पारदर्शक, नंतर मारलेला. थिनरने हलत नाही, म्हणजे ॲक्रिलिक नाही. काळा नाही, म्हणजे डांबर नाही. काचेसारखा चमकतो, नखाने कपचे निघतात. म्हणजे उन्हाने ठिसूळ झालेलं पॉलियुरेथेन. माल भारीतला, पण लावणारा अडाणी. कुठे जाड, कुठे पातळ... नुसतं फासलंय.”

जिन्याच्या दाराशी यमुनाकाकू थोबडे उभ्या होत्या, त्या एकदम खोकल्या. गळती त्यांच्याच घरात होती, बरोबर खाली. गेल्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला आणि पाणी थेट त्यांच्या पलंगावर टपकलं.

“म्हणून मी सोसायटीला लिहून दिलंय, दोन्ही थर खरवडून काढा,” निरंजन म्हणाला. “सेक्रेटरींनी सोमवारी माणसं बोलावलीत. ब्रेकर घेऊन येतायत.”

“खालचा चांगला आहे म्हणालास ना?”

“वरचा काढताना तो वाचणार नाही, चाचा. इलाज नाही.”

चाचा उकिडवे बसले. थरावर जवळून नजर फिरवली.

“इथे मुंग्या होत्या का रे?”

“होत्या. झटकल्या. नमुना स्वच्छ पाहिजे ना.”

“किती होत्या?”

“बऱ्याच...”

चाचांनी हनुवटीने कठड्याकडे खूण केली. मुंग्यांची रांग कठडा चढत होती. एकेकीच्या तोंडात काचेसारखा एकेक कण.

“पॉलियुरेथेन घरी नेतायत,” चाचा म्हणाले.

निरंजनचे कान तापले. “त्यांचं काय सांगावं, चाचा! मुंग्या काहीही नेतात. तुम्हाला शंका असेल तर पुण्याला लॅबमध्ये पाठवू. नमुना बांधूनच ठेवलाय.”

त्याने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, वळणदार अक्षर. चाचांनी पिशवी उघडली, एक कपचा उचलला आणि तोंडात टाकला.

“चाचा!” निरंजन ओरडलाच. “विषारी असतं ते!”

कुर्रम. कुर्रम. चाचांनी डोळे मिटले होते...

“हिंग आहे,” ते म्हणाले.

त्यांनी दुसरा कपचा तोंडात टाकला.

“मीठ कमी पडलंय.”

“कमी कसं पडेल?” दारातून काकू कडाडल्या. “चाळीस वर्षं कुरडया घालतेय मी! मीठ पावसाने गेलं असेल, माझ्या हाताने नाही!”

एवढं बोलल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. पदर तोंडाशी गेला. पण आता उपयोग नव्हता.

मग सगळं बाहेर आलं. ‘गच्चीवर वाळवण घालू नये’ अशी पाटी सेक्रेटरींनी स्वतः ठोकलेली. पाऊस यायच्या चार दिवस आधी काकूंनी पहाटेच चिकाचं पातेलं वर आणलं. फडकं सटकलं, पातेलं कलंडलं.

“दोन पायली गव्हाचा चीक हो! तीन दिवस भिजवलेले गहू!” काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. “कोणी बघायच्या आत बादल्या ओतल्या, खराट्याने लोटला. राहिला तो वाळला. हे साहेब मघाशी पॉली की काय म्हणाले, तेव्हा वाटलं, चला, सुटले.”

“लोटलात कुठे?” चाचांनी विचारलं.

काकूंनी कोपऱ्यातल्या भोकाकडे बोट दाखवलं. पावसाचं पाणी जायची तीच एक वाट.

चाचांनी निरंजनकडे पाहिलं. निरंजन इस्त्रीच्या शर्टासकट पालथा झोपला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि ओढला. नारळाएवढा गोळा बाहेर आला, वर पाचोळ्याचं अस्तर. त्याच्या वासाने काकूही दोन पावलं मागे सरल्या.

मग चाचांनी सगळं जोडून दाखवलं. पाऊस पडला तेव्हा गच्चीचं तळं झालं होतं. पाणी कठड्यालगत वीतभर चढलं. पांढरा थर कठड्यावर चारच बोटं चढवलेला. पाणी त्याच्या वरून भिंतीत शिरलं आणि काकूंच्या पलंगावर उतरलं. थर बिचारा आपलं काम करत होता.

चाचा म्हणतात म्हणून मान्य करणारा निरंजन नव्हता. त्याने ते भोक फडक्याने बंद केलं, गच्चीत तीन बोटं पाणी भरलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. काकू दोन दिवस पलंगावर उताण्या पडून छताकडे बघत होत्या. एक थेंब आला नाही. मग फडकं काढलं. पाणी घळाघळा निघून गेलं.

सेक्रेटरींनी ब्रेकरवाल्यांना नको म्हणून कळवलं. गच्ची गळायचं कारण निरंजनने अहवालात लिहिलं: ‘पाणी जायची वाट तुंबली होती.’ कशाने, ते लिहिलं नाही. काकूंनी ते तीनदा वाचून घेतलं आणि मगच चहा टाकला. चहाबरोबर तळलेल्या कुरडयांचं ताट आलं.

चाचा आणि निरंजन गच्चीवरच सावलीला बसून खात होते. मीठ बरोबर होतं.

निरंजनला एक प्रश्न दोन दिवस छळत होता. त्याने हातातली कुरडई खाली ठेवली.

“चाचा... त्या दिवशी तुम्ही ते तोंडात टाकलंत. खरंच पॉलियुरेथेन असतं तर?”

चाचांनी हातातला तुकडा संपवला. बोटं पुसली.

“तर थुंकलो असतो.”