विहा म्हणजे सोडून...

"धातू कुठला?" असं विचारलं बाईंनी मला! ए गार्गी, फोन ठेवू नकोस, आत्ता काय झालं ते ऐक आधी.

परचुरेबाई गं. दहावीला आपल्याला संस्कृत शिकवायच्या त्या. त्यांच्याच बिल्डिंगखाली उभी आहे मी.

साडेपाचला दादा-वहिनीच्या बाळाचं बारसं. आत्या मी, नाव शोधलं मी, कानात सांगणारही मीच. विहा! म्हटलं जाता जाता बाईंना ऐकवू, शाबासकी घेऊ. नव्याण्णव मार्क पडलेत मला संस्कृतात, विसरलीस?

बाई गॅलरीत मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सुरू.

"बाई, भाचीचं नाव विहा. अर्थ स्वर्ग. साइटवर बघितलं."

"धातू कुठला?"

"उपसर्ग 'वि'... धातू 'हा'."

"म्हणजे?"

"टाकणे. सोडणे."

"'वि' लावून?"

"सोडून देणे..."

आणि गार्गी, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तुला माहितीये ना, बाळ दत्तक आहे. पाच दिवसांची असताना कुणीतरी तिला दवाखान्यातल्या बाकावर ठेवून निघून गेलं होतं. आणि मी, शहाणी, तिच्यासाठी शोधून शोधून हे नाव काढलं!

"मग स्वर्ग हे खोटं आहे?" मी विचारलं.

"नाही. कोशात तेही आहे."

"मग खरा अर्थ कुठला?"

"दोन्ही."

"असं कसं दोन्ही, बाई! उद्या मोठी होईल, स्वतः शोधेल. मग म्हणेल, आत्यानेच कानात सांगितलं, तुला टाकलं होतं म्हणून..."

रडायलाच आलं गं मला.

बाईंनी काय केलं? एक वाल दाबला. डाळिंबी टुपकन वाटीत, साल बोटांत.

"बस खाली. 'विहाय' घालून वाक्य कर."

मी इथे रडतेय आणि ह्यांना वाक्य हवंय! पण बाईंना नाही कोण म्हणणार? केलं.

"ग्रामं विहाय..."

"म्हणजे?"

"गाव सोडून..."

बाई वाट बघतायत. मीही वाट बघतेय.

"थांबलीस का?"

"एवढंच विचारलंत ना तुम्ही."

"नव्याण्णव कुणी दिले गं तुला?"

"तुम्हीच!"

"चुकलंच माझं."

मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "बाई, सरळ सांगा ना. ठेवू का नको? चांदीच्या वाटीवर कोरून झालंय. वहिनीने रात्र रात्र जागून दुपट्यावर नाव भरलंय. तिला यातलं काहीच माहीत नाही."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. आणखी एक वाल. टुपकन.

"'गाव सोडून', एवढ्यावर पूर्णविराम देतात?"

"नाही."

"मग तू कशाला देतेयस?"

झालं! वाटी उचलून आत. नळाचा आवाज. मी तशीच बसलेली. हे 'हो' होतं की 'नाही'? परत विचारायची हिंमत झाली नाही.

आता पाच वाजत आलेत. वहिनीचे तीन मिस्ड कॉल. तिला सांगू? का काही न बोलता तेच नाव कानात सांगू? का ऐन वेळी दुसरंच?

गार्गी, खरं सांग ना. माझ्या जागी तू असतीस, पाळण्यात वाकलेली, मागून सगळ्या बायका पाठीत धपाटे घालतायत... तर तू काय सांगितलं असतंस गं तिच्या कानात?